आयनी द्रव आणि नॅनोकार्बन यांवर आधारित वायुसंवेदक

हवेतील एखाद्या वायूचे इलेक्ट्रोडवर (विजेच्या अग्रावर) ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) किंवा क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) घडवून, त्यामुळे वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहावरून वायूचे प्रमाण ओळखणारी साधने. या प्रकारात इलेक्ट्रोलाइट (आयनांमार्फत वीज वाहून नेणारे माध्यम) म्हणून आयनी द्रव, म्हणजे द्रवरूप क्षार, तर इलेक्ट्रोडवर कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) किंवा ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) वापरतात.

अशा साधनांची गरज नाकाच्या मर्यादेतून येते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण हवेत तो सुमारे १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) वर गेला की घ्राणशक्ती बधिर होते. गटारात उतरलेल्या माणसाला वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि नेमका तोच जीवघेणा क्षण असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर मुळातच वास नाही.

नेहमीच्या संवेदकात तीन इलेक्ट्रोड आणि सल्फ्युरिक आम्लाचे पाण्यातील द्रावण असते. वायू सच्छिद्र पडद्यातून आत झिरपतो. कार्बन मोनॉक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याच्या मदतीने कार्बन डायऑक्साइड बनतो आणि दोन इलेक्ट्रॉन सुटतात. झिरपण्याचा वेग ठरलेला असल्यामुळे प्रवाह वायूच्या प्रमाणात राहतो. रचना साधी आणि भरवशाची आहे. तिचे दुखणे पाण्यात आहे. कोरड्या, तापलेल्या हवेत द्रावण आटते, दमट हवेत ते ओलावा शोषून फुगते, आणि दोन्हींमुळे संवेदकाचे आयुष्य घटते.

आयनी द्रवांचे महत्त्व इथे कळते. हे क्षार असूनही १०० अंश सेल्सियसच्या खालीच वितळलेले असतात. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये सुमारे १२ अंशांना वितळणारे एथिलअमोनियम नायट्रेट नोंदवले. हवा आणि पाणी सहन करणारे, इमिडॅझोलियम या धन आयनाचे द्रव १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी तयार केले. त्यांचा बाष्पदाब जवळजवळ शून्य असल्याने ते वाळत नाहीत. शिवाय पाण्याचे विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला सुरू होते, तर अनेक आयनी द्रव ४ ते ६ व्होल्टच्या टप्प्यात टिकून राहतात. त्यामुळे पाण्यात मोजता न येणारे वायूही आवाक्यात येतात.

मात्र न वाळण्याची किंमत दाटपणाने, म्हणजे संथ वाहण्याच्या गुणाने (श्यानतेने), मोजावी लागते. ब्युटिलमिथिलइमिडॅझोलियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट हा बराच अभ्यासला गेलेला द्रव २५ अंशांना पाण्यापेक्षा सुमारे ३०० पट श्यान असतो. वायूचे रेणू त्यातून रेंगाळत जातात, म्हणून प्रवाह क्षीण आणि प्रतिसाद संथ होतो. धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राला हा संथपणा परवडत नाही. (हेक्साफ्लुरोफॉस्फेट ओलाव्याने विघटन पावून विषारी हायड्रोजन फ्लोराइड सोडू शकते, हेही ते टाळण्याचे एक कारण.)

यावरचा उपाय म्हणजे द्रवाचा थर अतिशय पातळ ठेवणे आणि तो मोठ्या पृष्ठभागावर पसरवणे. एकपदरी ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे २६३० चौरस मीटर आहे. वायूला कमी अंतर कापावे लागते आणि अभिक्रियेला जागा भरपूर मिळते. आयनी द्रव आणि नॅनोकार्बन यांची जवळीक २००३ मध्ये जपानमधील फुकुशिमा, आइदा आणि सहकाऱ्यांनी स्पष्टपणे दाखवली. एकभिंती (एकाच थराच्या) कार्बन नॅनोनलिका इमिडॅझोलियम द्रवासोबत खलात वाटल्यावर त्यांचे गुंते सुटून काळा, मऊ जेल तयार झाला. त्याला ‘बकी जेल’ म्हणतात. असा जेल इलेक्ट्रोडवर लिंपता येतो आणि तो ओघळत नाही.

कार्बनच्या गुणगानात थोडी सावधगिरी हवी. मोठा पृष्ठभाग म्हणजे वायू नसतानाही वाहणारा मोठा भारण-प्रवाह (पृष्ठभागावर विद्युतभार साठताना वाहणारा प्रवाह), आणि त्यात बारीक संकेत हरवू शकतो. नलिका बनवताना उरलेल्या धातूच्या कणांचाही परिणाम असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीत नलिकांच्या नावावर जमा झालेली कामगिरी प्रत्यक्षात लोह ऑक्साइडच्या कणांची असल्याचे ऑक्सफर्डच्या कॉम्प्टन गटाने २००६ मध्ये दाखवले. नलिका शुद्ध केल्या की नाही, हे न सांगणाऱ्या निष्कर्षांवर म्हणूनच फार विसंबू नये.

सर्वांत चिवट अडचण पुन्हा पाण्याचीच आहे. आयनी द्रव वाळत नसले, तरी बहुतेक द्रव हवेतला ओलावा ओढून घेतात. कोरड्या इमिडॅझोलियम द्रवात ऑक्सिजनचा रेणू एक इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड बनतो. पाणी आले की सुपरऑक्साइडला प्रोटॉन मिळतात, पेरॉक्साइड तयार होते आणि दर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. ऑक्सिजन तेवढाच असूनही प्रवाह वेगळा दिसतो. त्यामुळे पाण्याला दूर ठेवणारे ऋण आयन निवडणे, जलरोधी पडदा बसवणे आणि शेजारी आर्द्रतामापक ठेवून वाचन दुरुस्त करणे, हे तिन्ही मार्ग वापरले जातात.