स्वदेशी सायबर सुरक्षा उत्पादनांना सरकारी खरेदीत प्राधान्य: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

सायबर सुरक्षेची उत्पादने स्वतः विकसित करणाऱ्या भारतीय कंपन्यांना केंद्र सरकारचे सर्वांत ठोस पाठबळ खरेदीतील प्राधान्याच्या रूपाने मिळते. २०१७ च्या सार्वजनिक खरेदी (मेक इन इंडियाला प्राधान्य) आदेशाच्या आधारे इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जुलै २०१८ मध्ये या उत्पादनांसाठी स्वतंत्र अधिसूचना काढली व डिसेंबर २०१९ मध्ये ती सुधारली. एकदाच अर्ज करून कायमचे प्रमाणपत्र मिळावे, अशी ही व्यवस्था नाही. पात्रता प्रत्येक निविदेच्या वेळी कागदपत्रांनिशी दाखवावी लागते. त्यामुळे खरी तयारी निविदेच्या कितीतरी आधी, उत्पादन घडत असतानाच व्हायला हवी.

कंपनी भारतात नोंदलेली असणे ही पहिली अट आहे. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे: उत्पादनाची बौद्धिक संपदा त्या कंपनीच्या मालकीची असली पाहिजे, म्हणजे इतर कोणाची संमती न घेता ते वापरण्याचा, विकण्याचा, वितरित करण्याचा आणि त्यात बदल करण्याचा हक्क तिच्याकडे असला पाहिजे, आणि विक्री व परवान्यांचे उत्पन्नही भारतातील त्याच कंपनीला मिळाले पाहिजे. परदेशी उत्पादनाचे वितरक, पुनर्विक्रेते किंवा केवळ ते बसवून देणाऱ्या संस्था या व्याख्येत बसत नाहीत.

मालकीचा पुरावा हाच या प्रक्रियेचा कणा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. मात्र बाहेरच्या स्वतंत्र प्रोग्रॅमरला मोबदला दिला एवढ्यावर कोडची मालकी कंपनीकडे येत नाही. त्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी व सहीचा हक्कांतरण करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच मर्यादित समजले जाते. नवख्या कंपन्यांनी मुदत आणि प्रदेश सांगणारी दोन वाक्ये करारात न चुकता घालावीत, कारण उत्पादनाला मागणी येऊ लागल्यावर जुन्या सहकाऱ्याला शोधून सही मिळवणे फार अवघड होते. कर्मचाऱ्यांची नियुक्तिपत्रे, बाहेरच्यांशी झालेले करार, कोडमधील बदलांचा इतिहास आणि वापरलेल्या मुक्त स्रोत घटकांची त्यांच्या परवान्यांसह यादी असा संच पहिल्या दिवसापासून जपावा.

कॉपीराइटची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, तरी ती करावी असे मी आग्रहाने सांगेन. ऑनलाइन अर्जासोबत सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने, कोणताही भाग न झाकता, जोडावी लागतात. कोड वीस पानांहून कमी असल्यास तो संपूर्ण द्यावा लागतो. अर्जाला क्रमांक मिळाल्यावर आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते, हे वेळापत्रक आखताना लक्षात घ्यावे.

कंपनी नवी असेल तर उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाकडून स्टार्टअप म्हणून मान्यता घ्यावी. तिला शुल्क नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र, पॅन, संचालकांचा तपशील आणि उत्पादनातील नावीन्य सांगणारे टिपण पुरते. निकष वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरील चालू निकष वाचावेत. या मान्यतेमुळे बयाणा रकमेतून, म्हणजे निविदेसोबत भराव्या लागणाऱ्या अनामतीतून, सूट मिळते. शिवाय, सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार, गुणवत्तेच्या व तांत्रिक अटी पूर्ण होत असल्यास खरेदीदार विभाग पूर्वानुभव आणि उलाढालीची अट शिथिल करू शकतो.

निविदा भरताना स्थानिक मूल्याचे प्रमाण, म्हणजे उत्पादनाच्या एकूण मूल्यातील भारतात निर्माण झालेला वाटा, आणि ती मूल्यवृद्धी कुठे झाली हे सांगणारे स्वयंघोषणापत्र जोडावे लागते. खरेदी दहा कोटी रुपयांहून मोठी असल्यास हे प्रमाण वैधानिक लेखापरीक्षक, परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) किंवा सनदी लेखापाल यांनी प्रमाणित केलेले असावे लागते. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या सर्वसाधारण आदेशानुसार हे प्रमाण किमान ५० टक्के असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात येतो. सर्वांत कमी दर या वर्गाबाहेरच्या पुरवठादाराचा असेल आणि पहिल्या वर्गातील पुरवठादाराचा दर त्याहून २० टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर पहिल्या वर्गातील त्या पुरवठादाराला तो कमी दर स्वीकारण्याची संधी दिली जाते. सर्वांत कमी दर एक कोटी असताना १ कोटी १८ लाखांची बोली लावणाऱ्या पात्र कंपनीला, एक कोटीत पुरवठा करण्याची तयारी दाखवल्यास, काम मिळू शकते. मागणी विभागता येण्याजोगी असल्यास साधारण अर्धी मागणी तिच्या वाट्याला येते. म्हणून आपला खर्च आधीच नीट मांडून, कितीपर्यंत खाली येणे परवडेल हे ठरवूनच बोली लावावी.

मनुष्यबळासाठीही केंद्राचे पाठबळ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने डिजिटल इंडिया कार्यक्रमाच्या विस्ताराला मंजुरी दिली, तेव्हा माहिती सुरक्षेचे प्रशिक्षण २.६५ लाख व्यक्तींना देण्याचे उद्दिष्ट त्यात होते. उमेदवारांनी सी-डॅक आणि नायलिट यांसारख्या सरकारी संस्थांच्या संकेतस्थळांवर चालू अभ्यासक्रमांची प्रवेशपात्रता पाहावी.

स्वयंघोषणापत्रावर सही करणाऱ्याने त्यातील प्रत्येक आकड्यामागचा कागद स्वतः पाहिलेला असावा. घोषणा खोटी ठरल्यास तो सरकारी खरेदीच्या नियमांतील सचोटीच्या संहितेचा भंग मानला जातो आणि पुरवठादाराला दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून वगळता येते.