निःपक्षपाती बातमीचा शोध: ३०० वर्षांची पार्श्वभूमी

११ मार्च १७०२ रोजी लंडनमध्ये ‘डेली कुरंट’ नावाचं एका पानाचं पत्र निघालं. इंग्रजीतलं हे पहिलं दैनिक, आणि ते प्रसिद्ध करणारी एक बाई होती, एलिझाबेथ मॅलेट. बातम्या परदेशी पत्रांतून भाषांतर करून घेतलेल्या. सोबतच्या निवेदनात वाचकांना दोन वचनं दिली होती. आम्ही पदरची मतं घालणार नाही, कारण विचार करण्याइतकी समज लोकांकडे आहे, हे पहिलं. दुसरं असं की, प्रत्येक बातमी कोणत्या पत्रातून घेतली ते सांगू. म्हणजे ती कोणत्या देशातून, कोणत्या सरकारच्या संमतीनं बाहेर पडली हे कळेल आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते वाचकालाच ठरवता येईल.

यातलं दुसरं वचन मला अधिक मोलाचं वाटतं. भरवशाची बातमी शोधताना आपण मात्र बहुतेकदा पहिल्याच्याच मागे धावतो. आपल्याला कोणत्याच बाजूचा नसलेला माणूस हवा असतो.

असा माणूस वृत्तपत्रांच्या इतिहासात फारसा भेटत नाही. सुरुवातीच्या काळात पत्रं उघडपणे पक्षाचीच असत. फिलिप फ्रेनो यांनी १७९१ साली अमेरिकेत ‘नॅशनल गॅझेट’ काढलं, तेव्हा ते थॉमस जेफरसन यांच्या परराष्ट्र खात्यात अनुवादक म्हणून पगार घेत होते आणि पत्रातून जेफरसन यांच्या गटाची बाजू लढवत होते. समोर जेफरसन यांचे विरोधक, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पाठबळावरचं दुसरं पत्र होतंच.

चित्र बदललं ते तारयंत्रानं. १८४६ साली न्यूयॉर्कमधल्या काही पत्रांनी एकत्र येऊन बातम्या मिळवायला सुरुवात केली आणि त्यातून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था उभी राहिली. एकच मजकूर एकमेकांच्या विरोधातल्या पत्रांना पुरवायचा, तर त्यात कोणाचीच बाजू घेऊन चालणार नव्हतं. तटस्थ भाषेमागे तत्त्वाइतकाच व्यवहारही होता. पण भाषा तटस्थ असली म्हणून निवड तटस्थ होत नाही. १८७० साली हवास, रॉयटर आणि वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी करार करून जग आपसांत वाटून घेतलं. कितीतरी देशांना शेजारच्या देशाची खबरही या तिघांमार्फतच मिळू लागली.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९२० सालची एक तपासणी. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकी पत्रकारांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मार्च १९१७ पासूनचे तीन वर्षांचे अंक काढले आणि रशियन क्रांतीच्या बातम्या एकेक करून वाचल्या. पत्र मुद्दाम नावाजलेलं निवडलं होतं. ज्या घटनांबद्दल पुढे कोणालाच वाद उरला नव्हता, त्यांच्याशी त्यांनी छापील मजकूर ताडून पाहिला. दोन वर्षांत ९१ वेळा छापून आलं होतं की क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांची (लेनिनच्या पक्षाची) सत्ता कोसळते आहे किंवा कोसळलीच आहे. ती कोसळली नव्हती. कोणी कट करून खोटं लिहिलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनातल्या आशेनं आणि भीतीनंच बातमी गाळली आणि रंगवली, असं त्यांनी दाखवून दिलं. जे घडावंसं वाटत होतं, तेच त्यांना दिसत गेलं.

लिपमन यांनी सुचवलेला उपायही नीट समजून घेण्यासारखा आहे. मन निर्मळ ठेवा, एवढंच सांगून ते थांबले नाहीत. माणूस कलणारच हे गृहीत धरून त्यांनी पुरावा तपासण्याची शिस्त मागितली, प्रयोगशाळेत असते तशी. वस्तुनिष्ठ असायला हवी ती पद्धत. (मर्झ पुढे त्याच ‘टाइम्स’च्या संपादकीय पानाचे प्रमुख झाले.)

१९२३ साली अमेरिकी संपादकांच्या संघटनेनं आचारसंहिता केली आणि तीत निःपक्षपाताला स्थान मिळालं. पण रोजच्या धावपळीत त्या शिस्तीचा अर्थ आक्रसला. एक बाजूचं वाक्य, एक दुसऱ्या बाजूचं, झाली बातमी. याचा फायदा कोणी उठवला ते तंबाखूच्या इतिहासात दिसतं. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी शेकडो वृत्तपत्रांत जाहिरात देऊन कर्करोगाचा पुरावा अजून वादग्रस्त असल्याचं सांगितलं. ‘दुसरी बाजू’ छापत राहण्याची सवय त्यांना पुढे कित्येक वर्षं उपयोगी पडली. हवामानबदलाच्या बाबतीतही हेच झालं. मोठ्या अमेरिकी पत्रांतल्या १९८८ ते २००२ या काळातल्या बातम्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक बातम्यांत मानवी कारणांना आणि त्यांवरच्या शंकांना सारखंच वजन दिलेलं आढळलं, शास्त्रज्ञांचं बहुमत स्पष्ट असतानाही.

आज फोनवर फिरत येणाऱ्या मजकुरात मूळ कुठलं तेच गळून पडलेलं असतं. १७०२ सालच्या त्या एकपानी पत्रात ते होतं.

२६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं इराकमधल्या शस्त्रांबद्दलच्या आपल्याच बातम्यांवर संपादकांची नोंद छापली. सत्तापालट हवा असलेल्या इराकी निर्वासितांच्या माहितीवर आपण पुरेशी शहानिशा न करता विसंबलो, सनसनाटी दावे ठळक जागी छापले आणि ते खोडणारा मजकूर मागे ढकलला, असं त्यांनी स्वतःच मान्य केलं. इतकी सविस्तर कबुली क्वचितच वाचायला मिळते आणि त्याबद्दल मला आदर आहे. फक्त ती दहाव्या पानावर होती. ती पहिल्या पानावर यायला हवी होती.