बटण दाबा, थांबा, मग बोला
(रेस, कार्टिंग आणि रॅलीसाठी आमच्याकडून वॉकीटॉकी नेणाऱ्यांकरिता)

सोमवारी सेट परत येतात तेव्हा काउंटरवर एक तक्रार हमखास असते: "आवाज तुटक येत होता, अर्धं कळतच नव्हतं." आम्ही सेट ठेवून घेतो, चार्ज केलेली बॅटरी लावतो, आमचा मुलगा एक सेट घेऊन गल्लीच्या टोकाला जातो आणि बोलून पाहतो. बहुतेक वेळा आवाज स्वच्छ येतो. सेट चांगला असतो, बॅटरी चांगली असते. बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात झालेली असते, किंवा बोलणं संपायच्या आधीच बटण सुटलेलं असतं. या एका सवयीपायी तुमची रेस बिघडते आणि आमचा सोमवार तपासणीत जातो, म्हणून हे पत्रक.

मोबाइलवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सहसा लक्षात येत नाही ते पुढचं. समोरचा सेट सतत जागा नसतो. बॅटरी वाचवायला तो मधूनमधून झोपतो आणि सिग्नल आला की उठतो. शिवाय आम्ही प्रत्येक टीमच्या सेटवर टोन लावून देतो. हा सूर कानाला ऐकू येत नाही, पण तो ओळखल्याशिवाय समोरचा स्पीकर उघडत नाही. या दोन्हींत मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातं. तेवढ्यात तुमचा पहिला शब्द हवेत विरलेला असतो. म्हणून बटण पूर्ण दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. बोलून झालं की पुन्हा "एक" म्हणा आणि मगच बोट उचला.

शेवटचा "एक" आपल्या मराठी मंडळींनी तर मुळीच विसरू नये. "आत येऊ नको" या वाक्यातला सगळा जीव शेवटच्या शब्दात आहे. पिटमधल्या (ट्रॅकशेजारी गाडी थांबवून टायर बदलतात, दुरुस्ती करतात त्या जागेवरच्या) काकांनी घाईत बोट उचललं की गाडीतल्या पोराला ऐकू येतं "आत ये..." आणि तो इमानदारीत आत येतो. फॉर्म्युला वनमध्ये गाडी आत बोलवायची असेल तर "बॉक्स, बॉक्स" म्हणतात आणि बाहेर ठेवायची असेल तर "स्टे आउट". दोन्ही हाका कानाला वेगळ्या लागतात, नकार कशातच नाही. तुम्हीही तसंच करा. बोलवायचं तर "आत, आत". नाही बोलवायचं तर "बाहेरच राहा, बाहेरच राहा". रेडिओवरून "नको" हा शब्दच काढून टाका. चालकानेही ऐकलेलं परत बोलून दाखवावं. नुसत्या "हो"वरून त्याने नेमकं काय ऐकलं ते कळत नाही.

मोठ्या टीमांकडे सांकेतिक डिजिटल रेडिओ असतो, तरी ही अडचण त्यांनाही चुकत नाही. २०१८च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी ठेवायला पुढे धावणारी गाडी) ट्रॅकवर असताना मर्सिडीजने लुईस हॅमिल्टनला आधी आत ये सांगितलं आणि लगेच बाहेर राहा सांगितलं. तो तोवर पिटच्या वाटेला लागला होता; गवतावरून गाडी काढून परत ट्रॅकवर आला. १४व्या क्रमांकावरून निघून तो ती रेस जिंकला, पण गवत ओलांडल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. २०२०मध्ये बहरीनमधल्या साखीर ग्रां प्रीला त्याच टीमच्या दोन्ही गाड्या एकापाठोपाठ आत आल्या. तो निरोप रेडिओच्या गोंधळात टायर आणणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचला नव्हता. टीमचा एक चालक बोटास याचे पुढचे टायर दुसरा चालक जॉर्ज रसेल याच्या गाडीला लागले आणि रसेलला पुन्हा आत बोलवावं लागलं. म्हणून आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो, महागडा सेट घेण्याआधी कोण बोलणार आणि काय बोलणार ते ठरवा. पिटमधून चालकाशी एकानेच बोलावं. बाबा, मामा आणि मेकॅनिक तिघांच्या हाती सेट असले तरी बटण एकाच्याच बोटाखाली. आणि तेही सरळ पट्ट्यावर. ब्रेक लावताना आणि वळणात चालकाला एकटं सोडा. २०१२मध्ये अबू धाबीत पुढे असलेल्या किमी रायकोनेनने इंजिनिअरला रेडिओवर मला सोडा, मला कळतंय असं सुनावलं आणि रेस जिंकली. त्याची ती चिडचिड आम्हाला रास्त वाटते.

"बटण नसलेलं द्या ना, बोललं की आपोआप चालू होणारं" ही मागणी दर मोसमात येते. ती सोय आमच्या सेटमध्ये आहे, पण रेससाठी देताना आम्ही ती बंद करून कीपॅड लॉक करतो. यावरून काही जण नाराज होतात. कारण समजून घ्या. आवाजावर चालू होणारा सेट माणसाचा आवाज आणि इंजिनाचा आवाज यात फरक करत नाही. इंजिन गर्जत असेपर्यंत तो चालूच राहतो, सगळा चॅनल अडवून बसतो, आणि पुढे गाडी उलटली आहे हे चालकाला सांगायला कोणाला जागाच उरत नाही. म्हणून आम्ही स्टिअरिंगला वेल्क्रोने बसणारं बटण देतो. त्याची गुंडाळी वायर स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही ताणली जात नाही ना, हे गाडी उभी असतानाच पाहून घ्या.

हेल्मेटमधल्या माइकबद्दल थोडं. त्याला दोन्ही बाजूंनी छिद्रं असतात. दोन्हीकडून सारखा येणारा आवाज तो गाळतो, जवळून एका बाजूने येणारा पुढे पाठवतो. म्हणून ज्या बाजूला आम्ही पांढरा ठिपका लावलाय ती बाजू ओठांकडे हवी, आणि ओठांना जवळजवळ टेकलेली. माइक उलटा बसला किंवा हनुवटीखाली घसरला की तो तुमचा आवाजही इंजिनाबरोबर गाळून टाकतो. फोमची टोपी घामाने भिजते, जोडीला एक जादा देतो; ती बदला.

चॅनल बदलू नका. सेटवरचा "प्रायव्हसी कोड" म्हणजे वर सांगितलेला टोनच; हे नावच दिशाभूल करणारं आहे. त्याने तुम्हाला दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येत नाही इतकंच; तुमचं बोलणं मात्र त्या चॅनलवर कोणीही ऐकू शकतो, आणि दोन टीम एकाच वेळी बोलल्या तर कोड वेगळे असूनही दोघांचा विचका होतो. एकाच मीटला आमचे चार ग्राहक असतील तर चॅनलची वाटणी आम्ही आधीच करून देतो. इंदूरमध्ये ही वाटणी कागदावर लिहून हातात देणारे फार थोडे आहेत.

रॅलीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की चालक आणि को-ड्रायव्हर यांच्यात वॉकीटॉकी कामाची नाही. पेस नोट्स (पुढची वळणं सांगणारी टिपणं) को-ड्रायव्हरला सलग वाचाव्या लागतात, तिथे बटणाला वेळ नसतो. त्यासाठी वायरचा इंटरकॉम लागतो, तोही आमच्याकडे भाड्याने मिळतो. सर्व्हिसशी बोलायला वॉकीटॉकी वेगळी घ्या. काही स्पर्धांत रेडिओवर बंधनं असतात, बुकिंगआधी आयोजकांना विचारा.

शेवटी कायद्याचं. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीचे सेट विनापरवाना चालतात आणि आम्ही भाड्याने देतो ते याच पट्ट्यातले. इंटरनेटवरून स्वस्तात आणलेला पाच वॅटचा सेट हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावून वापरणं बेकायदा आहे. त्या फ्रिक्वेन्सीवर पोलीस असू शकतात, रुग्णवाहिका असू शकते. असे सेट आमच्याकडे प्रोग्राम करायला आणू नका. कार्टिंग ट्रॅक किंवा ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या मैदानावर आखलेल्या छोट्या वाटेवरच्या शर्यतीच्या) मैदानाला आमचे अर्ध्या वॅटचे सेट पुरतात. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. तिथे या सेटवरून एका टोकाहून दुसऱ्या टोकाशी बोलता येईल असं आम्ही कोणाला सांगत नाही. तेवढ्या पल्ल्याला दूरसंचार विभागाचा परवाना आणि बेस स्टेशन लागतं. अर्जाची कागदपत्रं आम्ही तयार करून देतो, मात्र वेळ लागतो, म्हणून इव्हेंटची तारीख ठरली की लगेच या.

सेट नेताना चालक आणि पिटवर बोलणारा, दोघांनी हेल्मेटसकट यावं. गाडी चालू ठेवून, हेल्मेट घालून बोलून पाहायला आम्ही जागा आणि वेळ देतो, त्याचे पैसे घेत नाही. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी येऊन सेट पिशवीत टाकून नेणाऱ्यांना हे करता येत नाही, तेव्हा शुक्रवारी या.