क्रीडानियमभंग-चौकशीची न्याय्यता (अमेरिकी महाविद्यालये)

खेळाडूंना चोरून पैसे देणे, भरतीचे नियम मोडणे, परीक्षेत गैरमार्गाने मदत करणे अशा आरोपांच्या चौकशीत विद्यापीठ, प्रशिक्षक व विद्यार्थी यांना मिळणाऱ्या न्याय्य वागणुकीचा प्रश्न. ही चौकशी प्रामुख्याने नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) करते. नियम करणारी, तपास करणारी आणि शिक्षा देणारी संस्था एकच, हे वादाचे मूळ आहे.

ही संघटना 1906 मध्ये स्थापन झाली, पण तिच्या हाती दंडशक्ती बऱ्याच उशिरा आली. खेळाडूंच्या आर्थिक मदतीवर मर्यादा घालणाऱ्या 1948 च्या ‘सॅनिटी कोड’ या संहितेत हकालपट्टी हीच शिक्षा होती. 1950 मध्ये सात संस्थांना काढण्याच्या ठरावाला दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि ती संहिता लवकरच बारगळली. त्यानंतर एनसीएएच्या कारवाईमुळे केंटकी विद्यापीठाला 1952-53 च्या बास्केटबॉल हंगामाला मुकावे लागले. काही अभ्यासक आजच्या चौकशीपद्धतीचा आरंभ येथे मानतात. न्याय्यतेच्या दृष्टीने मात्र 1973 च्या सुमारास झालेला बदल अधिक निर्णायक वाटतो. तोपर्यंत तपास आणि निवाडा एकाच समितीकडे होते. त्यानंतर तपास कर्मचाऱ्यांकडे गेला व समितीकडे सुनावणी उरली.

जेरी टार्केनियन प्रकरण : नेव्हाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेचे बास्केटबॉल प्रशिक्षक टार्केनियन यांना दोन वर्षे निलंबित करावे, अन्यथा आणखी शिक्षा का करू नये याचे कारण द्यावे, असे एनसीएएने 1977 मध्ये विद्यापीठाला कळविले. त्या काळी मुलाखती ध्वनिमुद्रित होत नसत. तपासनिसांच्या टिपणांना आणि आठवणींना साक्षीदारांच्या लेखी निवेदनांपेक्षा अधिक वजन मिळाले, हा प्रशिक्षकांच्या बाजूचा मुख्य आक्षेप होता. विद्यापीठाच्या उपाध्यक्षांनी स्वतंत्र सुनावणी घेतली. पुराव्याविषयी त्यांना शंका होती, तरी निर्णय मान्य करणे किंवा संघटना सोडणे याखेरीज व्यवहार्य मार्ग त्यांना दिसला नाही. टार्केनियन न्यायालयात गेले. नेव्हाडातील न्यायालयांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. पण डिसेंबर 1988 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एनसीएए ही शासनसंस्था नाही असे ठरविले. त्यामुळे चौदाव्या घटनादुरुस्तीतील न्याय्य प्रक्रियेची हमी तिला लागू होत नाही. बहुमताचा निकाल न्या. स्टीव्हन्स यांचा, भिन्नमत न्या. व्हाइट यांचे. शासकीय विद्यापीठ व संघटना यांनी मिळून केलेली ही कृती होती, हे भिन्नमत वस्तुस्थितीला अधिक धरून आहे; कारण निलंबनाचा हुकूम शासकीय विद्यापीठाच्याच हातून निघाला होता. 1998 मध्ये एनसीएएने टार्केनियन यांना 25 लाख डॉलर देऊन वाद मिटविला.

1988 च्या निकालानंतर नेव्हाडासह काही राज्यांनी चौकशीत संरक्षण देणारे कायदे केले. नेव्हाडाचा 1991 चा कायदा आंतरराज्य व्यापारावर भार टाकतो या कारणाने 1993 मध्ये संघीय अपील न्यायालयात टिकला नाही. 1991 मध्येच कायदेतज्ज्ञ रेक्स ली यांच्या अध्यक्षतेखालील एनसीएएच्या समितीने ध्वनिमुद्रण, स्वतंत्र न्यायाधीश व खुल्या सुनावण्या सुचविल्या. ध्वनिमुद्रण स्वीकारले गेले, पुढे अपील समितीही आली. स्वतंत्र न्यायाधीश व खुली सुनावणी या दोन कळीच्या शिफारशी मात्र बाजूला राहिल्या.

एनसीएएला समन्सचा अधिकार नाही, म्हणून ती सदस्यांवर सहकार्याची सक्ती करते. या उणिवेपोटी मर्यादा ओलांडली गेल्याचे गंभीर उदाहरण मायामी विद्यापीठाचे. तेथील तपासात एका दिवाळखोरी खटल्यातील वकिलाला पैसे देऊन शपथेवरील जबान्या मिळविल्याचे 2013 मध्ये उघड झाले आणि तो पुरावा वगळावा लागला. पेन स्टेट विद्यापीठावर 2012 मध्ये 6 कोटी डॉलरचा दंड बसला तो नेहमीची चौकशी न करताच. शिक्षेचा भार अनेकदा गैरप्रकार घडल्यानंतर दाखल झालेल्या विद्यार्थ्यांवर पडतो. हा अन्याय प्रक्रियेच्या दोषांपेक्षा कमी नाही.

2019 मध्ये गुंतागुंतीच्या प्रकरणांसाठी बाहेरच्या सदस्यांची स्वतंत्र यंत्रणा उभारली गेली. विलंबामुळे ती मोडीत निघाली. तिचा अखेरचा निकाल, कॅन्सस विद्यापीठाचा, 2023 मध्ये लागला. खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या खटल्यात 2025 मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्या मोबदल्यावरील देखरेख कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नव्या संस्थेकडे आली असून त्यातील वाद लवादापुढे जातात.