फडापासून ‘जोगवा’पर्यंत : पडद्यावरच्या शृंगाराची पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातल्या मराठी माणसाने शृंगार आधी फडात पाहिला, पडद्यावर नंतर. बैठकीच्या लावणीत बाई अगदी समोर बसते. अदा करताकरता ती एखाद्यावर नजर रोखते, तो ओशाळतो आणि बाकीचे खिदळतात. पैसा बघणाऱ्याचा आणि जातीचा जाच तिच्या वाट्याला, हे खरंच. पण बघणाराही तिथे बघितला जातो.

सिनेमाने त्याला अंधारात बसवलं आणि त्याची या पेचातून सुटका झाली. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) तमाशापटाला मोठा बाजार मिळवून दिला. पुढे ‘पिंजरा’ (१९७२) आला. त्यातली नर्तकी मनापासून प्रेमात पडते खरी, पण कथेचं सगळं वजन ती ज्यांच्यावर जीव लावते त्या आदर्शवादी गुरुजींच्या घसरणीवर. तिला काय हवंय, यापेक्षा तिच्यापायी त्यांचं काय झालं याचीच हळहळ जास्त. मला हा चित्रपट आजही त्याच जागी खटकतो.

सीमाभागात कन्नड पडदाही घरचाच. पुट्टण्णा कणगाल यांच्या ‘एडकल्लु गुड्डद मेले’मध्ये (१९७३) विवाहित स्त्रीची वासना हाच कथेचा गाभा होता. शेवट तिला सुखाचा नाही, तरी हवंसं वाटणारी व्यक्ती तीच होती.

१९७५ साली लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी ‘स्क्रीन’ या नियतकालिकात हॉलिवूडवर नेमकं बोट ठेवलं : कॅमेरा, प्रेक्षक आणि पात्रं या तिघांची नजर पुरुषाचीच, बाई फक्त दिसण्यापुरती. पुढच्याच वर्षी जपानी दिग्दर्शक नागिसा ओशिमांनी ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ आणला. चित्रीकरण जपानात, पण कायद्याच्या भीतीने रीळ धुवायला फ्रान्सला. त्यातल्या जोडप्याकडे खानावळीतल्या दासी टक लावून बघत राहतात. मग आपण तरी वेगळं काय करतोय, असं प्रेक्षकाला वाटू लागतं.

आपल्याकडे सेन्सॉरचा आढावा घ्यायला सरकारने नेमलेल्या खोसला समितीने १९६९ मध्येच कथेची गरज असेल तर चुंबन, नग्नता चालावी असं सुचवलं होतं. पुढच्या वर्षी दिग्दर्शक के. ए. अब्बास यांनी सेन्सॉरविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेन्सॉर कायम ठेवलं, पण लैंगिकता म्हणजे दरवेळी अश्लीलता नव्हे हेही बजावलं. कात्री मात्र बराच काळ इंच मोजूनच चालली.

कोण कोणाकडे बघतं, या प्रश्नाचं आपल्या मातीतलं उत्तर राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (२००९) सापडतं. मूळ कादंबऱ्या गडहिंग्लजकडच्या राजन गवसांच्या, आणि देवीला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या या जगाची देवी सौंदत्तीची यल्लम्मा. देवदासी सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ मध्ये कायद्याने बंदी घातली, प्रथा लगेच सुटली नाही. इथे जोगता म्हणून देवीला सोडलेल्या तायप्पाला साडी नेसवतात आणि बाईवर पडणारी गावाची नजर पुरुषाच्या अंगावर येते. जोगतीण सुली आणि तो एकमेकांकडे ओढले जातात तेव्हा त्या दोन्ही देहांवर गावाने आधीच हक्क सांगितलेला असतो. म्हणून तो शृंगार बघताना आपण गावाच्या बाजूला बसलोय की त्या दोघांच्या, हे ठरवल्यावाचून गत्यंतर राहत नाही.