मानेत गाठ लागत नाही, तरी मानेचे ऑपरेशन का?

आमच्याकडे सल्ल्याला येणारे बहुतेक जण हेच विचारतात. घशाचा कॅन्सर लवकर सापडला म्हणता, मग मान कशाला उघडायची?

मानेत सुमारे ३०० लसिका गाठी (लिम्फ नोड) असतात. या कॅन्सरच्या गाठी नव्हेत, त्या प्रत्येकाच्या शरीरात असतातच. घशातून कॅन्सरच्या पेशी सुटल्या, की त्यांचा पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. दोन-तीन मिलिमीटरची लागण हाताला लागत नाही, स्कॅनमध्येही निसटते. अशा छुप्या लागणीची शक्यता साधारण १५ ते २० टक्क्यांच्या पुढे वाटली, तर डॉक्टर वाट न पाहता गाठी काढतात किंवा मानेला रेडिएशन देतात.

मात्र ‘घसा’ हा शब्द फार ढोबळ आहे. स्वरतंतूंवर लसिकावाहिन्या (या गाठींकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) अगदी विरळ, त्यामुळे तिथल्या लहान कॅन्सरमध्ये मानेला सहसा हात लावत नाहीत. त्याच्या जरा वर, स्वरयंत्राच्या वरच्या भागात वाहिन्यांचे दाट जाळे असते आणि ते दोन्हीकडे उतरते. म्हणून तिथे बहुधा मानेच्या दोन्ही बाजू बघाव्या लागतात. टॉन्सिलच्या एका कडेच्या लहान कॅन्सरला बऱ्याचदा त्याच बाजूची मान पुरते. ओळखीतल्या कुणाची मान उघडली नाही, एवढ्यावरून स्वतःचा निर्णय घेऊ नका.

जुन्या पद्धतीत गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नस, तिन्ही जात. आता लवकरच्या टप्प्यात ती वाचवून ठरावीक पट्ट्यातल्याच गाठी काढतात. घशासाठी बहुधा लेव्हल २ ते ४, म्हणजे जबड्याच्या कोनाखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत.

ऑपरेशननंतर पाणी काढणारी नळी काही दिवस राहते. कानाची पाळी बधिर वाटते. नस वाचवली तरी ती ओढली गेलेली असते, म्हणून काही काळ खांदा जड पडतो, हात वर जायला कुरकुरतो. इथे लोक हमखास चूक करतात: दुखतो म्हणून हात गळ्यात बांधून बसतात आणि सांधा आखडतो. सर्जनने परवानगी दिली की व्यायाम लगेच सुरू करा.

काढलेल्या गाठी पॅथॉलॉजीकडे जातात. किती तपासल्या, किती बाधित निघाल्या आणि कॅन्सर लसिका गाठीचे कवच फोडून बाहेर आला का, या तीन ओळी रिपोर्टमध्ये आधी शोधा. कवच फुटले असेल तर रेडिएशनबरोबर केमोचाही विचार होतो. सगळ्या गाठी कोऱ्या निघाल्या तर ‘उगाच कापले’ असे अनेकांना वाटते. पण मान कोरी आहे हे आधी खात्रीने कळत नव्हते, आणि आता पुढचे उपचार टळू शकतात.

भेटीला येताना बायॉप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी दोन्ही आणा. नुसत्या छापील निष्कर्षावर मानेबद्दल बोलता येत नाही.