बूस्टर (गाडीचा)

बूस्टर (गाडीचा) : बॅटरी उतरलेल्या गाडीला सुरू होण्यापुरता विजेचा जोर देणारा, हातात मावणारा लिथियम बॅटरीचा डबा. बाजारात तो जंप स्टार्टर या नावानेही मिळतो. वजन साधारण अर्धा ते एक किलो. एका बाजूला लाल-काळ्या चिमट्यांची जाड, आखूड वायर जोडायची जागा, दुसऱ्या बाजूला मोबाइल चार्ज करायची खाच. बहुतेक जण त्या दुसऱ्या बाजूचाच वापर करतात आणि गाडी अडते त्या दिवशी डबा रिकामा निघतो.

बूस्टर गाडीची बॅटरी भरत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. विहिरीवरचा पंप पाणी धरत नसला की वरून बादलीभर पाणी ओततात, त्यातले हे काम. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनाला पहिला हिसका देते. त्यासाठी लहान पेट्रोल गाडीला सेकंद-दोन सेकंद १०० ते २०० अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. मोबाइलचा चार्जर दोन-तीन अँपिअर देतो, त्यावरून फरक कळावा. एकदा इंजिन धरले की पुढचे सगळे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी भरणारा भाग, पाहतो.

गाडीची शिसे-आम्ल बॅटरी ही गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केलेल्या शोधाचीच वंशज आहे. तिच्यात सुमारे २ व्होल्टचे सहा घट (सेल) असतात. भरलेली असताना ती १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली की जवळपास उतरली असे समजावे. हँडल मारून गाडी सुरू करण्याची कटकट १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवरचा सेल्फ आल्यापासून कमी होत गेली. मात्र त्या दिवसापासून गाडी बॅटरीच्या मर्जीवर आली.

खानदेशात ही मर्जी उन्हाळा बिघडवतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. बॅटरीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की आम्लातले पाणी उडते आणि पट्ट्यांच्या जाळ्या झिजतात. तरी त्या दिवसांत गाडी सुरू होत राहते, कारण गरम इंजिनाला जोर कमी लागतो. हिवाळ्यात धुळ्यात पारा १० अंशांखाली उतरतो, ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही घटतो, तेव्हा सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टक-टक ऐकू येते. मार उन्हाळ्यात बसतो, वळ हिवाळ्यात दिसतो. मेकॅनिककडे मात्र लोक थंडीलाच दोष देतात.

दुसरे कारण माणसांचे. लग्नसराईत मांडवाबाहेर गाडी उभी, चारही दारे उघडी, आतले दिवे लागलेले, पोरे गाणी लावून बसलेली. जेवणे आटोपून निघायच्या वेळी सेल्फ घेत नाही. ‘काय व्हयनं भाऊ?’ करत चार-पाच जण धक्क्याला येतात. गिअरच्या गाडीला दुसऱ्या गिअरवर धक्का चालतो. पण आजच्या इंजेक्शनच्या इंजिनाला पंप आणि संगणकासाठीही थोडी वीज लागते, त्यामुळे बॅटरी ठार झाली असेल तर ढकलणाऱ्यांना नुसता घाम येतो. ऑटोमॅटिक गाडीचा तर प्रश्नच नाही. तोरणमाळसारख्या ठिकाणी धक्क्यालाही माणूस मिळेल याची खात्री नसते. बूस्टरची खरी किंमत तिथे कळते.

जोडण्याची रीत सोपी, पण क्रम पाळायचा. दिवे, एसी बंद. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर ती आधी खरवडावी, नाहीतर चिमटा नुसता बसतो, धरत नाही. लाल चिमटा अधिक खुणेच्या टर्मिनलला. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. काही बूस्टरच्या पुस्तिकेत उणे टर्मिनल सांगितलेले असते, तिथे पुस्तिकेचे ऐकावे. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, म्हणून हे अंतर. चिमट्यांच्या वायरवर एक छोटी डबी असते, तिच्यावर हिरवा दिवा लागला की तीन ते पाच सेकंद सेल्फ मारावा. नाही घेतला तर अर्धा-एक मिनिट थांबावे. एकसारखे दहा-पंधरा सेकंद सेल्फ दाबून धरणारा आधी बूस्टर घालवतो, मग सेल्फ. गाडी सुरू झाल्यावर काळा चिमटा आधी काढायचा, मग लाल, आणि तोही लगेच.

चिमटे उलटे लागले तर डबी लाल दिवा दाखवून वीज अडवते. मात्र बॅटरी पार रिकामी असली की डबीला ती दिसतच नाही. अशा वेळी वापरायचे वेगळे बटण अनेक बूस्टरवर असते. ते दाबले की बहुतेक वेळा ही राखण उठते, म्हणून लाल-काळे दोनदा पाहूनच त्याला हात लावावा. खोक्यावर छापलेला अँपिअरचा मोठा आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो; त्यावर भाळू नये. गाडीचे इंजिन किती लिटरचे, यासाठी बूस्टर चालतो का, ते पाहावे. सुरत-नागपूर महामार्गावरच्या ट्रकना २४ व्होल्ट लागतात, तिथे १२ व्होल्टचा बूस्टर लावू नये.

खानदेशासाठी सर्वांत अवघड गोष्ट बूस्टर ठेवण्याची. अडचणीच्या वेळी गाडीत हवा म्हणून तो डिकीत टाकून ठेवला जातो, आणि उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी आतून ६० अंशांच्या घरात जाते. लिथियम घट तिथे वेगाने खराब होतात, क्वचित पेटही घेतात. ज्या उन्हाने बॅटरी मारली तेच ऊन बूस्टरलाही मारते. त्यामुळे मार्च ते जून तो घरात, सावलीत असावा, आणि प्रवासाला निघताना पाण्याच्या बाटलीबरोबर हातपिशवीत घ्यावा. तीन महिन्यांतून एकदा चार्ज करावा, पण उन्हातून आणल्या आणल्या नाही. आधी निवू द्यावा. पोट फुगलेला बूस्टर पुन्हा न वापरता, न टोचता, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

एकदा बूस्टरवर सुरू झालेली गाडी निदान अर्धा तास चालवावी आणि मग व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक, दुखणे बहुधा बॅटरीचे. आकडा १२ च्या आसपासच घुटमळत असेल तर नवी बॅटरी टाकूनही आठवडाभरात गाडी पुन्हा टक-टक करणार.